यंत्राचे शुद्धलेखन

‘सोलापूर’ या नावातील ‘पू’ दीर्घ लिहावयाचा, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु तेच नाव ‘सोलापुरात’ असे झाले की ‘पु’ ऱ्हस्व होतो. ‘सोलापुरी’ चादरीतही तो ऱ्हस्वच राहतो. आणि ‘सोलापूरचा’, ‘सोलापूरकर’ म्हणताच पुनश्च दीर्घ. जाणती माणसेही येथे ‘सोलापूरात’ असे लिहून मोकळी होतात. ज्यास ना व्याकरण ठाऊक ना सोलापूर, अशा गणकयंत्राने ही चूक पकडावी कशी?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७५ साली स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स प्रणालीसाठी असा एक तपासनीस एका दुपारीच रचला. मजकुरातील शब्द सुटे करावयाचे, वर्णानुक्रमे लावावयाचे, पुनरुक्ती गाळावयाची आणि जो शब्द कोशाच्या यादीत नाही तो दाखवावयाचा, एवढेच त्याचे काम. म्हणजे यंत्र ‘हा शब्द चूक’ असे म्हणत नाही. ‘हा शब्द मजपाशी नाही’ इतकेच म्हणते. हा भेद ज्याने ध्यानात ठेवला त्याची पुष्कळशी फसगत टळते.

इंग्रजीचे या यादीवर बरेच भागते. मराठीचे भागत नाही. एका नामास विभक्तिप्रत्यय लागतात, त्यांपुढे शब्दयोगी अव्यये, त्यांवर ‘च’ आणि ‘ही’. ‘सोलापुरातल्यांनाच’ हा शब्द कोणता कोशकार नोंदवील? प्रत्येक रूप यादीत घालू म्हटले तर यादीस अंत नाही. अशीच अडचण हंगेरियन भाषेची होती, कारण तीही शब्दास प्रत्ययांमागून प्रत्यय जोडते. लास्लो नेमेथ यांनी त्या भाषेसाठी जी प्रणाली सिद्ध केली ती ‘हनस्पेल’. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांच्या पोटात हीच आहे, आणि मराठी कोशही तीस जोडता येतो.

तिच्याजवळ दोन वह्या असतात. एकीत मूळ शब्द आणि प्रत्येकापुढे एखादी खूण. दुसरीत त्या खुणेचा अर्थ. ‘सोलापूर’पुढील खूण सांगते की, शेवटचे ‘ऊर’ काढावे व ‘उरात’ जोडावे. युनिकोड लिपीसंकेतात व्यंजन आणि त्याची मात्रा निरनिराळी साठविलेली असल्यामुळे ही कापाकापी सहज होते. खूण नीट लिहिली असेल तर यंत्र ‘सोलापुरात’ मान्य करते व ‘सोलापूरात’ अडविते. कोणी आळसाने नुसते ‘आत’ जोडण्याचा नियम लिहिला, तर नेमके उलट घडते. चूक प्रमाण ठरते आणि शुद्ध रूपाखाली तांबडी रेघ येते! तेव्हा यंत्राची विद्या ही त्या वह्या लिहिणाऱ्याची विद्या होय.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. वडिलांच्या आठवणी टंकलिखित करून साध्या फाइलीत ठेवल्या आहेत, असे समजावे. प्रथम फाइलीची नक्कल करून ती बाजूस ठेवावी. ही पायरी कोणीही गाळू नये. मग आज्ञेच्या काळ्या पडद्यावर ‘हनस्पेल’ हे नाव, पुढे आखूड रेघ व ‘डी’ हे अक्षर, मग मराठी कोशाचे नाव आणि शेवटी फाइलीचे नाव, असे इंग्रजी अक्षरांत लिहावे. यंत्र एकेक अपरिचित शब्द पुढे करते व खाली क्रमांक घालून पर्याय सुचविते. क्रमांक दाबला की तो पर्याय बसतो; ‘ए’ दाबले की शब्द त्या बैठकीपुरता मान्य होतो; ‘आय’ दाबले की तो आपल्या खासगी कोशात जातो. ‘एस’ ही कळ विशेष गुणाची आहे. ‘वेळापूर’ कोशात नसेल तर ते घालताना नमुना म्हणून ‘सोलापूर’ सांगावे. म्हणजे ‘वेळापुरात’ वेगळे शिकवावे लागत नाही.

लांब मजकुरासाठी ‘डी’च्या जोडीस रेघ देऊन ‘एल’ हे अक्षर लिहावे. यंत्र फाइलीस हात न लावता केवळ अपरिचित शब्दांची यादी देते. ती मोजून लावली असता, चाळीस वेळा आलेला शब्द बहुधा विशेषनाम निघतो आणि एकदाच आलेला बहुधा हस्तदोष.

विशेषनामांचा प्रश्न सोलापुरात मोठा आहे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू घराणी, शेजारी कानडी. येमूल, म्याकल, हत्तुरे ही आडनावे यंत्रास चुका वाटतील, आणि घाईने क्रमांक दाबणारा एखाद्या कुटुंबाचे नावच पालटून टाकील. लग्नपत्रिकेत हे झाले तर क्षमा मागण्यास घरोघर जावे लागेल.

उलट, जी चूक स्वतःच शब्द असते ती निसटते. गिरण्यांच्या या नगरीत ‘सूत’ म्हणजे धागा, आणि ‘सुत’ म्हणजे पुत्र. ‘गिरणीत सुत काततात’ या वाक्यावर यंत्र अवाक्षर काढणार नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचीही तीच गत. तेथे डोळ्यांनीच वाचावे लागते.

जुन्या लेखनाची गोष्ट निराळी. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, त्यापूर्वीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘केलें’ अशी अनुस्वारयुक्त रूपे पानोपानी आढळतात. यंत्र त्या सर्वांवर बोट ठेवील. आजोबांची पत्रे उतरून घेताना ती ‘सुधारू’ नयेत. त्यांसाठी खासगी कोश वेगळा ठेवावा, म्हणजे आजोबांचे ‘नाहीं’ नातवाच्या निबंधात शुद्ध ठरणार नाही.