थर उघडायला लागणारी ऊर्जा

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं ये-जा करू लागली. त्यांत एअरबस ए-३२० कुळातली विमानं बरीच आहेत. १९८८ मध्ये सेवेत आल्यापासून या विमानाची शेपटी कार्बनतंतू आणि इपॉक्सी रेझिन यांच्या थरांपासून बनते. हे थर एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, हे मोजणाऱ्या एका साध्या चाचणीची आणि तिच्यावर उभ्या असलेल्या गणिताची ही ओळख.

कार्बनचा तंतू साधारण ७ मायक्रॉन जाडीचा असतो. असे हजारो तंतू रेझिनमध्ये बसवून मिलिमीटरच्या आठव्या-सहाव्या भागाइतका पातळ थर बनतो. असे थर वेगवेगळ्या दिशांनी रचून, उष्णता आणि दाब देऊन पक्के करतात. थराच्या आत तंतू आहेत. दोन थरांच्या मध्ये मात्र फक्त रेझिन. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी तंतूंच्या दिशेने ओढली, तर ती दहा टनांहून अधिक ओढ सोसते. त्याच पट्टीच्या टोकाशी थरांमध्ये पाच सेंटिमीटरची चीर असेल, तर ती पुढे उघडायला चार-पाच किलो वजनाइतका जोर पुरतो. बुरूड बांबू फाडताना कोयत्याने फक्त तोंड उघडून देतो, पुढची चीर सहज धावते. इथेही तसंच घडतं.

थर असे सुटण्याला डीलॅमिनेशन म्हणतात. देखभाल करताना हातातून पाना पडला, गारांचा मारा बसला, बोल्टसाठी भोक पाडताना ड्रिलने शेवटचा थर ढकलला, की सुरुवात होते. वरून पृष्ठभाग स्वच्छ दिसतो. पण पुढे त्या भागावर दाब आला की सुटलेला पातळ थर बाहेर फुगतो आणि चीर वाढवतो. म्हणून ‘हा भाग किती मजबूत’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आत चीर आहे असं धरलं, तर ती पुढे सरकेल का’ हेही विचारावं लागतं.

या प्रश्नाचा पाया १९२१ मध्ये घातला गेला. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून दाखवलं की चीर वाढते ती ऊर्जेच्या हिशेबाने. चीर सरकल्यावर मोकळी होणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करायला लागणाऱ्या ऊर्जेला पुरली, की ती पुढे जाते. थरांच्या बाबतीत या लागणाऱ्या ऊर्जेचा आकडा फ्रॅक्चर टफनेस म्हणून ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. ठिसूळ इपॉक्सीत तो शे-दोनशेच्या आसपास असतो. पीक (PEEK) सारख्या थर्मोप्लास्टिकमध्ये हजाराच्या वर जातो.

हा आकडा मोजण्याची रीत साधी आहे. पट्टी बनवतानाच मधल्या दोन थरांत १३ मायक्रॉनहून पातळ, न चिकटणारी फिल्म ठेवतात. तीच सुरुवातीची चीर. टोकाला दोन बिजागऱ्या चिकटवतात, कडेला पांढरा रंग लावून बारीक खुणा करतात आणि मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने तोंड उघडत नेतात. जोर, उघडलेलं अंतर आणि चिरेची लांबी या तीन नोंदींतून आकडा निघतो. सळया तोडणाऱ्या मोठ्या यंत्रावर हे जमत नाही, कारण इतका थोडा जोर त्याला नीट वाचता येत नाही. जोर मोजणारा लहान लोड सेल लागतो.

थर उघडतात तसे एकमेकांवरून घसरतातही. घसरण्याला सहसा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र घडतं. त्या मिश्रणासाठी बेन्झेग्गाघ आणि केनान यांनी १९९६ मध्ये मांडलेलं सूत्र आज सर्रास वापरलं जातं. संगणकावर चीर चालवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. रायबिकी आणि कॅनिनेन यांनी १९७७ मध्ये दिलेली पद्धत चिरेच्या टोकाशी असलेली बलं आणि विस्थापनं यांतून ऊर्जा काढते. दुसरी कोहेसिव्ह झोनची. तिच्यात थरांमधला जोड ताणला जाऊन हळूहळू कमजोर होतो आणि ठरलेली ऊर्जा संपली की सुटतो. मात्र चिरेच्या टोकाशी गणितासाठी आखलेली जाळी मिलिमीटरहून बारीक लागते, म्हणून अख्ख्या पंखाचं गणित असं मांडणं फार महाग पडतं.

आणखी एक सापळा आहे. चाचणीच्या पट्टीत सगळे तंतू एकाच दिशेने असतात. चीर पुढे जाताना काही तंतू तिच्या दोन्ही काठांना धरून राहतात आणि आकडा वाढत जातो. खऱ्या भागात थरांच्या दिशा वेगळ्या. तिथे हा आधार मिळेलच असं नाही. म्हणून जाणता अभियंता चीर सुरू होतानाचा लहान आकडाच गणितात घालतो.

या विद्येची गरज आपल्याकडे केवळ विमानांपुरती नाही. २०१६ मध्ये गोव्यातल्या पिळर्ण इथे तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते नौदलाला जो संमिश्र साहित्याचा सोनार डोम सुपूर्द झाला, त्याची रचना डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेची आणि निर्मिती गोव्याच्या किनेको कंपनीची होती. इकडे नवी मुंबईतही महापे-रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. वाशी-नेरुळमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. संगणकावर रंगीत चित्र काढायला विद्यार्थी लवकर शिकतात. त्यांनी एकदा तरी स्वतः पट्टी घडवावी, खुणा कराव्यात आणि ती उघडून पाहावी, असं मला मनापासून वाटतं. मोजलेल्या आकड्याच्या मागचे कष्ट ठाऊक असलेला अभियंताच त्या आकड्यावर किती भार टाकायचा हे नीट ठरवू शकतो.