काचेतला बांध

उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरलं की कडेच्या गाळात ताटाएवढे गोल खड्डे उघडे पडतात. हाताने कोरावेत इतके नेटके. ते कोरलेले असतात माशाने, तेही तोंडाने. बाजारात आपण जिला चिलापी म्हणतो, त्या तिलापियाचा नर तोंडात गाळ भरतो, बाजूला नेऊन टाकतो, पुन्हा येतो. मादी यावी म्हणून असं अंगण सारवून ठेवतो, आणि त्याच्या कडेला दुसरा नर दिसला की अंगावर धावून जातो. बांधावरची भाऊबंदकी खानदेशाला नवी नाही. पाण्याखालीही बांध असतात, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

मूळची आफ्रिकेची ही चिलापी १९५२ साली भारतात आली. तिची भावकी आज जळगाव-धुळ्याच्या दिवाणखान्यांत नांदते आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला ऑस्कर तिच्याच सिक्लिड कुळातला. कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न तर १९९०च्या दशकात मलेशियात माणसानेच संकरातून घडवला. याच कुळातला एक मासा आपल्या किनाऱ्यावरचा, कोकणातला कालुंदर. त्याच्या शास्त्रीय नावात ‘सुराटेन्सिस’ आहे, म्हणजे सुरतेचा. आपली तापी जिथे समुद्र गाठते, ती सुरत!

दुकानात ऑस्करची पिल्लं अंगठ्याएवढी असतात. एकाच्या जागी चार घ्यावीशी वाटतात. पण हा मासा फूटभर वाढतो आणि दहा-दहा वर्षं जगतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. आपल्याला ती केवढी थोरली वाटते, आणि एका मोठ्या ऑस्करला ती जेमतेम पुरते. नदीत हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथेच मिटतं. टाकीत तो पळून काचेवर आदळतो. जिंकणाऱ्याला वाटतं, हा अजून हटलेला नाही. म्हणून तो पुन्हा मारतो. अशा मारामारीत मासा दगावतो, त्यामागे बहुधा रागापेक्षा पळायला वाव नसणं हेच कारण असतं.

मग टाकी याहून मोठी घेतली, तरी सोबती निवडायचा कसा? आधी हे पाहू, की मासा भांडतो कुणाशी.

निको टिंबर्गन हे डच शास्त्रज्ञ स्टिकलबॅक नावाचे छोटे मासे पाळत. विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं. खिडकीजवळच्या टाक्यांतले नर अधूनमधून एकाच दिशेला झेप घेत, काचेवर धडकत. बाहेर बघावं, तर रस्त्यावरून टपालाची लाल गाडी चाललेली! मग टिंबर्गननी ओबडधोबड पुतळे करून पाहिले. हुबेहूब माशासारख्या, पण लाली नसलेल्या पुतळ्याकडे नरांनी फारसं लक्ष दिलं नाही. कसाबसा घडवलेला, पण खालून लाल रंगवलेला तुकडा मात्र त्यांनी झोडपून काढला. माशाचा वैरी म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा. जो तीच जागा, तीच मादी मागणार, तो.

निवडीचं पहिलं सूत्र इथेच सापडतं. ऑस्करशेजारी त्याच्या अंगलटीचा, त्याच्या रंगाचा मासा नको. रुपयासारखे चपटे, चंदेरी सिल्व्हर डॉलर थव्याने सोडावेत. तळाला चिलखती अंगाचा सकर. ऑस्कर मधल्या पाण्यात, सकर तळाशी, सिल्व्हर डॉलर सतत फिरते. तिघांचे बांध एकमेकांना लागतच नाहीत. दुसरं सूत्र तोंडाचं: जो मासा ऑस्करच्या तोंडात मावतो, तो सोबती नव्हे, घास. तिसरं म्हणजे शक्य तर सगळे एकाच दिवशी सोडावेत. आधी आलेला मालक होतो. नवा पाहुणा आणायचाच असेल तर आधी गोटे, कुंड्या हलवून सगळी मांडणी मोडावी. जुने बांध पुसले की सगळेच नवखे होतात. आपल्या गिरणा-पांझरेच्या पात्रातले काळे गोटे उकळत्या पाण्यातून काढून रचले, तर हरलेल्याला नजरेआड व्हायला जागा मिळते.

आणि मासा नुसता भांडत नाही, हिशेबही ठेवतो. २००७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकी सिक्लिडच्या नरांना काचेआडून कुस्त्या दाखवल्या. पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, चौथ्याने पाचव्याला. मग प्रेक्षकासमोर दुसरा आणि चौथा ठेवले. या दोघांची झुंज त्याने कधीच पाहिलेली नव्हती. तरी तो चौथ्याकडे, म्हणजे दुबळ्याकडे गेला. न पाहिलेल्या कुस्तीचा निकाल त्याने मनाशी लावला होता! टाकीत आपण सोडतो ते असे प्राणी. कुणाला दबकून राहायचं, हे ते शेजाऱ्याची झुंज पाहूनच ठरवतात.

खानदेशात आणखी एक सोबती टाकीत आपसूक शिरतो: ऊन. पाणी २५ अंशांवर असताना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३५ अंशांवर जेमतेम ७. उलट ऊब वाढली की माशाच्या अंगाची प्राणवायूची मागणी वाढते. जळगावच्या मे महिन्यात दाटीवाटीची टाकी म्हणूनच धोक्याची. आपल्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला, की कुलरसारखंच बाष्पीभवन होऊन पाणी काही अंश उतरतं. धुळ्याच्या कडक थंडीत मात्र हीटर हवाच.

काहींना सोबत नकोच. थोराड फ्लॉवरहॉर्न आणि फायटर माशाचा नर एकटेच बरे. टाकीत डोईजड झालेला मासा मेहरूणच्या तलावात किंवा नदीत सोडू नये. परका मासा तिथे देशी माशांची जागा खातो. दुकानदाराकडे परत द्यावा.

शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांना टिंबर्गन यांच्याबरोबरच १९७३चं नोबेल मिळालं. लॉरेन्झ यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. सिक्लिडची जोडी टाकीत एकटी ठेवली, तर वैरी न उरल्यामुळे नर मादीवरच तुटून पडतो. त्यावर तोड म्हणजे टाकीच्या मधोमध काच घालायची आणि पलीकडे दुसरी जोडी ठेवायची. दोन्ही नर काचेवर एकमेकांना धमकावत राहतात आणि दोन्ही संसार सुखाने चालतात. कधी नर मादीला छळू लागला, की समजायचं, काचेवर शेवाळ चढलंय, पलीकडचा दिसेनासा झालाय. काच पुसली की घरातलं भांडण थांबायचं.

भांडकुदळ माशाचा सोबती निवडायचा म्हणजे त्याचं भांडण संपवायचं नसतं. त्याला बांध आखून द्यायचा असतो, आणि बांधापलीकडचा शेजारी दिसत राहील, एवढी काच पुसून ठेवायची असते.