एक मिलिमीटर पावडर

सोलापूरहून हैदराबादला निघालं की संगारेड्डीनंतर आणि पटनचेरूच्या थोडं अलीकडे पाशमैलारमची औद्योगिक वसाहत लागते. ३० जून २०२५, सोमवार. सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. साडेनऊच्या सुमारास तिथल्या सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला आणि तीन मजली इमारत बसली. ४६ मृत्यूंची खात्री झाली, त्यातल्या अनेकांची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली. आणखी आठ जणांचा मागमूसच लागला नाही. म्हणजे एकूण ५४. बरेचसे बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेले.

इतकं काय बनत होतं तिथे? दारूगोळा नाही, पेट्रोल नाही, विषारी वायूही नाही. बनत होतं मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, थोडक्यात एमसीसी: लाकडाच्या लगद्यापासून काढलेली, पांढरी, बेचव, बिनवासाची भुकटी. औषधाची गोळी नीट दाबून घट्ट बसावी म्हणून ती घालतात. तुम्ही-आम्ही ती कितीतरी वेळा गिळलेली आहे. तिने पोटात काहीच होत नाही.

हैदराबादच्या या कारखान्याची क्षमता होती वर्षाला ६,००० टन. एका गोळीत १०० मिलिग्रॅम एमसीसी धरलं, तर हा माल ६,००० कोटी गोळ्यांना पुरतो, देशातल्या प्रत्येक माणसामागे चाळीसहून जास्त. दिवसाचे झाले सुमारे १६ टन. पण खरे चक्रावून टाकणारे आकडे टनांत नाहीत, ते ग्रॅमात आणि मायक्रॉनमध्ये आहेत.

नेहमीच्या वापरातल्या एमसीसीचा कण साधारण ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. कण गोल धरून हिशोब केला तर एका किलोत सुमारे १,००० कोटी कण बसतात. तेच एक किलो सेल्युलोज एका सलग ठोकळ्यात असतं, तर तो जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटरचा झाला असता आणि हवेला लागणारा त्याचा पृष्ठभाग असता ४५० चौरस सेंटिमीटर, एका वहीच्या पानाएवढा. भुकटी केल्यावर हाच पृष्ठभाग ८० चौरस मीटर होतो, वन बीएचकेहून मोठ्या फ्लॅटएवढा. सतराशे पटींहून जास्त! आग पृष्ठभागावर लागते. ठोकळा तासभर धुमसेल. तेच वजन हवेत उधळलेलं असेल तर सगळं एकदम जळतं.

किलोभर सेल्युलोज जळलं की सुमारे १७ मेगाज्यूल उष्णता निघते. किलोभर टीएनटीतून निघते साधारण सव्वाचार. चौपट! गोळीतल्या भुकटीत टीएनटीच्या चौपट ऊर्जा, हे पहिल्यांदा वाचताना माझा विश्वास बसला नव्हता. अर्थात टीएनटी आपला ऑक्सिजन आपल्याबरोबर बाळगतं, म्हणून ते कुठेही फुटतं. भुकटीला तो हवेतून घ्यावा लागतो, किलोमागे सव्वाचार घनमीटर हवा. पोत्यात बांधलेली पावडर त्यामुळे निमूट पडून राहते. ती उडाली की खेळ बदलतो.

किती उडाली म्हणजे पुरे? धूळस्फोटांच्या प्रमाण तक्त्यांत सेल्युलोजची नोंद आहे: घनमीटरमागे ६० ग्रॅम. समजा, तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि बारा मीटर उंच इमारत आहे. ती अख्खी स्फोटक ढगाने भरायला सुमारे ६५० किलो पावडर लागेल, म्हणजे २५ किलोच्या २६ गोण्या. आणि त्या गोण्या फाडायचीही गरज नसते. एमसीसी हलकी, घनमीटरमागे ३०० किलोच्या आसपास. जमिनीवर एक मिलिमीटरचा थर साचला तर दर चौरस मीटरवर ३०० ग्रॅम झाले. तेवढा थर पाच मीटर उंचीच्या खोलीत उडाला की हिशोब बरोबर ६० ग्रॅमवर येतो. एक मिलिमीटर!

आणि हा थर जमिनीवर साचत नाही, कारण जमीन रोज झाडली जाते. तो साचतो तुळयांवर, केबल ट्रेवर, डक्टच्या पाठीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, जिथे झाडू पोचत नाही आणि साहेबाची नजरही.

पाशमैलारममध्ये सुरुवातीला रिअॅक्टर फुटल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की स्फोट रिअॅक्टरचा नव्हता. मग बोट गेलं स्प्रे ड्रायरकडे. हे यंत्र बघण्यासारखं असतं: दोन-तीन मजली उंच स्टीलचं नरसाळं, वरून ओल्या लगद्याचे बारीक तुषार, त्यात गरम हवेचा झोत. तळाशी पोचेपर्यंत थेंबाची कोरडी भुकटी झालेली असते, ती सायक्लोनमध्ये आणि बॅग फिल्टरमध्ये गोळा होते. म्हणजे उडणारी भुकटी, भरपूर हवा आणि बंद भांडं, हे तिन्ही तिथे अपघाताने नसतात, तेच त्या यंत्राचं काम असतं. उरते फक्त ठिणगी. ती घासलेल्या बेअरिंगची असते, अर्थिंग तुटल्यामुळे साठलेल्या स्थिर विजेची असते, किंवा भिंतीला चिकटून तपकिरी होत गेलेल्या जुन्या थराच्या आतल्या निखाऱ्याची.

त्याच तक्त्यांत पुढे लिहिलंय की बंद भांड्यात सेल्युलोजच्या धुळीचा दाब ९.७ बारपर्यंत चढतो. दोन चौरस मीटरच्या दारावर हा दाब जवळजवळ २०० टनांचा होतो. एक घनमीटरच्या भांड्यात तो सेकंदाला २२९ बार या वेगाने चढू शकतो, म्हणजे सगळा खेळ चाळीसेक मिलिसेकंदांत. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. ‘पळा’ म्हणायची सवडच नसते. जे काही करायचं ते आधीच करून ठेवावं लागतं: ड्रायरला स्फोटाचा दाब बाहेर सोडणारे पॅनेल, डक्टमध्ये ठिणगी ओळखणारे सेन्सर, धातूच्या प्रत्येक भागाला तपासलेलं अर्थिंग, ड्रायरजवळ परमिटशिवाय वेल्डिंग नाही.

आणि पहिल्या धडाक्यावर हे थांबत नाही. ड्रायरमधला स्फोट बहुतेकदा लहान असतो. त्याच्या हादऱ्याने तुळयांवरची धूळ झडते, मागून ज्वाळा येते, आणि दुसरा स्फोट होतो तो इमारतीएवढा. अमेरिकेत जॉर्जियातल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात २००८ साली १४ माणसं गेली, ती साखरेच्या धुळीच्या अशाच साखळीने. १९८० ते २००५ या काळात तिथे धुळीचे २८१ स्फोट आणि आगी मोजल्या गेल्या: ११९ मृत्यू, ७१८ जखमी. आपल्याकडे १९६५ साली धोरीच्या कोळसा खाणीत २६८ जण गेले, तिथेही कोळशाची धूळच पेटली होती.

आग लागल्यावर हात आपसूक चुकीच्या गोष्टीकडे जातो. पेटलेल्या ढिगावर पाण्याचा जोराचा फवारा मारला की न पेटलेली भुकटी उडते आणि ढग तयार होतो. सीओटूच्या नळकांड्याचा झोत जवळून मारला तरी तेच. सेल्युलोजवर पाणी हवं, पण तुषारांचं, लांबून, हलक्या हाताने. आतून धुमसणाऱ्या ड्रायरचं दार उघडणं म्हणजे त्याला हवा पाजणं. आधी लगदा बंद, ब्लोअर बंद, माणसं बाहेर, मग अग्निशमन दलाला नेमकं सांगायचं की आत काय आहे आणि किती आहे. कॉम्प्रेसरच्या हवेने साफसफाई करणं हा तर गुन्हाच मानायला हवा.

आणि पावडर बदलली की नियम उलटतो. २०२५ च्याच एप्रिलात नागपूरजवळ उमरेड एमआयडीसीत अॅल्युमिनियम फॉइल आणि पावडर बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. पेटलेल्या अॅल्युमिनियमच्या भुकटीवर पाणी टाकलं तर हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. तिथे लागते कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर, तीही अलगद पसरून. बादली तीच, हेतू तोच, एकीकडे बचाव, दुसरीकडे घात.

ही माहिती गुपित नाही. प्रत्येक रसायनाबरोबर सुरक्षा पत्रक येतं, त्याचे १६ भाग असतात. पाचवा आगीचा, सहावा सांडलवंडीचा. एमसीसीच्या पत्रकात विषारीपणाच्या रकान्यात काहीच नसतं, त्यामुळे पुढचं कुणी वाचत नाही. हवेत उडालेली धूळ स्फोटक होऊ शकते, हे एक वाक्य त्यातच कुठेतरी असतं.

तुमच्या घरातलं कुणी पावडरीच्या कारखान्यात कामाला असेल, मग ती साखर असो, स्टार्च असो, हळद असो की औषध, तर त्याला आज विचारा: तुमच्या शेडमधली तुळई शेवटची कधी पुसली? उत्तर आठवत नसेल, तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी अॅक्टचं कलम ३७ दाखवा. धूळ साचू द्यायची नाही, उडू द्यायची नाही, ठिणगी जवळ येऊ द्यायची नाही आणि यंत्राला स्फोटाचा दाब सोसण्याची सोय हवी, हे त्यात १९४८ पासून लिहिलेलं होतं.