कौल गाण्याला की गावाला?

गाण्यावरून मराठी घरांत जेवढी भांडणं ८ फेब्रुवारी २००९ च्या रात्री झाली, तेवढी एरवी निवडणुकीवरूनही होत नाहीत. झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची ती महाअंतिम फेरी. सूत्रसंचालन पल्लवी जोशींचं, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, आणि मंचावर पाच पोरं: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. कौल एसएमएसचा. जिंकली कार्तिकी. मग ‘आर्याच हवी होती’पासून ‘वारकऱ्यांनी मतं टाकली’पर्यंत ज्याला जे सुचेल ते बोलून झालं. मराठवाड्यात प्रश्न एवढाच होता, की आपला रोहित कुठं कमी पडला?

गाण्यात कमी पडला असं म्हणणारा माणूस लातुरात सापडणं कठीण. आणि पुढं हाच मुलगा २०२० साली हिंदीतल्या ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला, भटिंड्याच्या सनी हिंदुस्तानीच्या मागोमाग. तेव्हा गळा बाजूला ठेवू. मत पडतं कसं, ते आधी पाहू.

त्या काळी मत म्हणजे मोबाइलवर कार्यक्रमाचं नाव टाइप करायचं, मधे जागा सोडून गायकाचं नाव, आणि पाच आकडी नंबरावर पाठवून द्यायचं. अशा एसएमएसला दोन-अडीच ते तीन रुपये पडायचे. नेहमीच्या मेसेजच्या पॅकमध्ये तो धरला जात नसे. एका माणसानं किती मतं द्यावीत याला बंधन नव्हतं. दहा रुपयांचं छोटं रिचार्ज मारलं तर कर-शुल्क कापून जे उरेल त्यात दोन, फार तर तीन मतं. रोजगार हमीवर दिवसभर खोदकाम करणाऱ्याची मजुरी त्या वर्षी शंभराच्या आत होती. म्हणजे एखाद्या मजुरानं गायकावर जीव टाकला तरी त्याची ताकद दोन मतांची. आणि शहरात दवाखाना थाटून बसलेल्या डॉक्टरांनी मुलांच्या हौसेखातर तीनशे रुपये उडवले की शंभर मतं. मत माणसाचं नव्हतंच, ते बॅलन्सचं होतं.

त्यात भारनियमन. २००८-०९ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात दहा-दहा, बारा-बारा तास वीज जायची. गाणं ऐकायचं रात्री, मत द्यायचं त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेलेली. नांदेड जिल्ह्यात मुखेड-किनवटकडच्या एखाद्या खेड्यातल्या माणसाला रोहित त्या रात्री काय गायला हे कळायचं दुसऱ्या दिवशी, ते सुद्धा शेजाऱ्याच्या तोंडून. पुण्यातल्या माणसाला ही अडचण नव्हती. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्हा ९४ लाखांचा, नांदेड ३३ लाख ६१ हजारांचा आणि लातूर साडेचोवीस लाखांचा. नांदेड-लातूर एकत्र केले तरी पुणे दीडपटीहून मोठं. कार्तिकी आणि आर्या दोघीही पुणे जिल्ह्यातल्याच, त्यामुळं तिथली मतं फुटली असतील असा एक हिशेब मांडता येतो. पण हे सगळे अंदाज. कुणाला किती मतं पडली याचा ताळेबंद प्रेक्षकांपुढं ठेवायची रीत या कार्यक्रमांना नाही. ग्रामपंचायतीच्या मोजणीत सुद्धा उमेदवाराचा माणूस टेबलाशी बसलेला असतो. इथं कुणीच नाही.

लोकसंख्या कमी म्हणून हार ठरलेली, असंही मात्र नाही. २००५-०६ च्या ‘सारेगमप’ चॅलेंजमध्ये आसामातल्या सिल्चरचा देबोजित साहा जिंकला. २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’मध्ये श्रीनगरचा काझी तौकीर, त्याच्या गाण्याबद्दल परीक्षकांनी उघड नाराजी दाखवलेली असताना, मतांच्या जोरावर विजेत्या जोडीत आला. आणि सगळ्यांवर कडी केली दार्जिलिंगनं. २३ सप्टेंबर २००७ रोजी ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात कोलकाता पोलिसातला शिपाई प्रशांत तमांग विरुद्ध शिलाँगचा अमित पॉल असा सामना होता. तमांगला सुमारे सात कोटी मतं पडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. दार्जिलिंग जिल्हा लातूरपेक्षाही लहान, २०११ मध्ये साडेअठरा लाखांचा. पण तिथं गावोगाव वर्गणी निघाली, मेसेज पाठवायला पोरं बसवली गेली, फॅन क्लब निघाले. त्या फॅन क्लबमधून पुढं आलेल्या बिमल गुरुंग यांनी पंधरा दिवसांत गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला आणि तिथले जुने नेते सुभाष घिसिंग यांची वर्षानुवर्षांची सद्दी मोडली. एका रेडिओ निवेदकानं केलेल्या तमांगच्या टिंगलीवरून सिलीगुडीत दंगल पेटली. तिकडं मेघालय सरकारनं हरलेल्या अमित पॉलला शांततेचा आणि सलोख्याचा सदिच्छादूत केलं.

मला दार्जिलिंगच्या लोकांचा राग येत नाही. ज्यांना दिल्ली-कोलकात्यात कुणी विचारत नाही त्यांना आपलं अस्तित्व दाखवायची संधी तीन रुपयांत मिळाली, त्यांनी ती घेतली. फक्त त्याला गाण्याचा निकाल म्हणू नये. ती अस्मितेची शिरगणती होती, गाणं निमित्ताला. मराठवाडा तेवढा एकवटला असता तर रोहित जिंकला असता का? असता कदाचित. पण त्यावरून तो अधिक चांगला गायला असं काही सिद्ध झालं नसतं.

एसएमएसच्या या पैशाचं काय होतं, याची चर्चा एकदा कोर्टापर्यंत गेली होती. २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या वेळी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची प्रेक्षकांची स्पर्धा होती, उत्तर पाठवायला एसएमएसमागं २ रुपये ४० पैसे. बक्षीस मोफत दिल्यासारखं दाखवता, पण ते लोकांच्याच मेसेजच्या पैशातून देता, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये स्टार आणि एअरटेलला एक कोटीचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो रद्द केला. बक्षिसाची रक्कम मेसेजच्या पैशातूनच निघाली याला पुरेसा पुरावा नाही, असं कारण दिलं. म्हणजे कायद्याच्या बाजूनं प्रश्न तिथंच संपला. प्रेक्षकाच्या बाजूनं संपायचं कारण नाही, कारण हिशेब त्यालाही कधी दिसलेला नाही.

लोकांचा कौल घ्यायचा आणि त्यात गडबडही होऊ द्यायची नाही, ही कसरत आपल्याकडं जुनी आहे. रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आधी सात गाणी लावायची, श्रोत्यांनी क्रम लावून पाठवायचा, बरोबर ठरलेल्याला शंभर रुपये. पुढं क्रमवारी आली तेव्हा नुसत्या रेकॉर्डच्या खपावर भरवसा ठेवला नाही, नुसत्या पत्रांवरही नाही. खपाचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती, दोन्ही मिळून क्रम ठरू लागला. अभ्रकाच्या खाणींचं गाव झुमरीतलैया रेडिओच्या फर्माइशींमुळंच देशभर माहीत झालं. तिथले मोजके हौशी लोक कार्डांचे गठ्ठे पाठवत. एकाच माणसानं शंभर मतं देणं एसएमएसच्या आधीपासून चालत आलंय. फरक एवढाच की निवेदक नावं वाचून दाखवायचा. आकाशवाणी परभणीवर ‘आपली आवड’ ऐकणाऱ्या पिढीला हे सांगायला नको. गाण्याआधी गाव, तालुका आणि चार-सहा नावं यायची, तीच तीच नावं पुन्हा आली की घरातले हसायचे. कुणाची आवड होती ते सगळ्यांना कळायचं.

याहून उघडा कौल लावणीच्या फडात असायचा. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव होतो. मराठवाड्यातला रसिक लावणी कशी जोखतो ते पाहायचं तर तिथं जावं. शिट्टी पडली, टोपी उडाली, वन्समोअर आला, इथपर्यंतचा कौल फुकट. पुढं दौलतजादा. संगीत बारीत माणूस नोट काढतो, बाई जवळ येऊन ती घेते, अमक्या पाटलांकडून इतके म्हणून पुकारा होतो आणि त्यांच्या पसंतीची लावणी सुरू होते. पैसेवाल्याचंच चालतं, यात शंका नाही. शिवाय या रिवाजानं कलावंत बायांची जी विटंबना झाली तिच्याकडं डोळेझाक करून त्याचं कौतुक करायचा माझा विचार नाही. मुद्दा वेगळा आहे. तिथं पैसा कुणाचा आणि किती, हे शेवटच्या रांगेतल्यालाही ऐकू जातं. पाटलांनी पाचशे दिले म्हणून लावणी पुन्हा झाली, ती थोर होती म्हणून नव्हे, हे पोरासोरांनाही समजतं. एसएमएसनं तोच दौलतजादा ठेवला आणि पुकारा तेवढा बंद केला.

गावरान कव्वालीच्या मुकाबल्यात मामला याहून सरस होता. दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल टाकायचा, जवाब द्यायचा, पहाट उजाडायची. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, नागोराव पाटणकर, गोविंद म्हशीलकर या मंडळींनी ते दिवस गाजवले. ऐकणारा गडी जाणता असायचा; जवाब चुकला तर गायकाच्या आधी त्याला कळायचं. कुणाचं पारडं जड झालं हे मोजावं लागत नसे. गाव वस्तीवर परतताना ते ठरलेलं असायचं, आणि दोन वस्त्यांत दोन वेगळे निकालही लागायचे. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

जिथं खरोखर कलेचाच निवाडा हवा, तिथं लोकांनीही परीक्षक नेमले. अकलूजला शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९३ पासून राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. तिथं टाळ्या प्रेक्षकांच्या, गुण परीक्षकांचे. संगीत बाऱ्यांना त्या मंचानं प्रतिष्ठा दिली हे मान्यच करावं लागेल. परीक्षक नेमले म्हणजे सगळं शुद्ध झालं असं मात्र समजू नये. भजनाच्या स्पर्धांना बसलेल्या कुणालाही विचारा, परीक्षक कुणाच्या घराण्याचा आणि कुणाचा पाहुणा यावर मंडळांची रात्रभर चर्चा चालते.

युरोपात हा घोळ सरळसरळ मांडून निस्तरायचा प्रयत्न झाला. युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्याच्या स्पर्धेत शेजारी शेजाऱ्याला आणि परदेशी गेलेले लोक मायदेशाला मतं देतात अशी ओरड झाली, म्हणून २००९ पासून अंतिम फेरीत निम्मं वजन परीक्षकांना दिलं गेलं. २०१६ मध्ये परीक्षकांचा पहिला ऑस्ट्रेलिया, प्रेक्षकांचा पहिला रशिया, आणि दोन्हीकडं दुसरी असलेली युक्रेनची जमाला बेरजेत जिंकली. भांडण थांबलं नाहीच. पण कुठल्या देशाच्या परीक्षकांनी कुणाला किती गुण दिले आणि प्रेक्षकांनी किती, हा तक्ता जाहीर होतो. भांडायला निदान आकडे तरी हातात असतात.

आता आपल्याकडं येऊ. एप्रिल आला की नांदेड-लातुरात भीमजयंतीच्या मिरवणुका, बँजो पार्ट्या, डीजे, नव्या भीमगीतांची चढाओढ. गाणं टाकलं की दुसऱ्या दिवशी व्ह्यूज किती, हाच पहिला प्रश्न. मग कुणीतरी ‘जिल्ह्यातला नंबर एक गायक कोण’ असा मोबाइलवर पोल काढतो. एखाद्या संध्याकाळी तो पोल जवळून पाहावा. पहिला तासभर मतं आपसूक येतात, चार-पाच नावांत विखुरलेली. मग एका गायकाच्या गावच्या ग्रुपवर लिंक पडते, ‘आपल्या भावाला व्होट करा’ असा मेसेज लावून. मागोमाग दुसऱ्याच्या मागं उभ्या असलेल्या कार्यकर्त्याकडून ती पाच-सहा ग्रुपवर जाते. रात्री अकराला दोनच नावं शर्यतीत उरतात, आणि मत देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तिसऱ्याचं गाणं उघडूनही पाहिलेलं नसतं. सकाळी विजेत्याचा फोटो फ्लेक्सवर, खाली कार्यकर्त्याचा. तो फ्लेक्स पाहून लग्नाच्या सुपाऱ्या ठरतात, म्हणून हे नुसती गंमत म्हणून सोडून देता येत नाही. ज्याच्या मागं कुणी ‘भाऊ’ नाही त्या पोराची सुपारी यात जाते.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरचा पोल त्यातल्या त्यात बरा, कारण कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी दिसतं. त्यानंच काही जण मत द्यायला कचरतात, हेही खरं. गावात वैर कोण घेणार?

आणि हे सगळं डावलूनही गाणं पोचतं, याला पुरावा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन भीमगीतं गायच्या. कुणी मोबाइलवर टिपलं, ते हातोहात फिरलं आणि महाराष्ट्रभर पोचलं. कुठल्या पोलात त्या पहिल्या आल्या म्हणून नाही. वामनदादा कर्डकांची गाणी तर मोबाइलच्या कितीतरी आधी वहीतून वहीत उतरवली गेली. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याच्या वर्षांत मराठवाड्यातल्या वस्त्यांना ती तोंडपाठ होती.

म्हणून पोल बंद करा असं मी म्हणणार नाही. लोकांना आपला माणूस जिंकवायची हौस असते, ती पुरी होऊ द्यावी. पण नांदेड-लातूरच्या ज्या जयंती मंडळांना आणि यात्रा समित्यांना लोकांच्या मतावर बक्षीस द्यायचं असेल त्यांनी एका फोन नंबरला एकच मत धरावं, मत द्यायच्या आधी सगळ्यांची गाणी ऐकवावीत, आणि निकालासोबत गावनिहाय आकडा फळ्यावर लिहावा. लोकप्रियतेचं बक्षीस त्यावर द्यावं, गाण्याचं परीक्षकांच्या गुणांवर, आणि परीक्षकांची नावं स्पर्धेच्या आदल्या दिवशी जाहीर करावीत. फळ्यावर अमुक गावातून आठशे मतं आणि तीही एकालाच, असं दिसलं तर भांडण होईल, अशी भीती एका आयोजकानं बोलून दाखवली. भांडण आत्ताही होतंय, फक्त त्यात आकडा कुणालाच माहीत नसतो.