फुटाला सहा इंच

घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची ‘पीएम सूर्यघर’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली आणि कौलारू घरांच्या मालकांना एक प्रश्न पडू लागला : आपल्या छपराचा उतार नेमका किती? समजा, घर रत्नागिरीच्या आसपासचं आहे. मालकाने कौलावर मोबाइल ठेवला, तर पडद्यावर २३ अंश उमटले. सुतार म्हणाला, ‘फुटाला सहा इंच.’ त्याचे अंश काढले तर होतात साडेसव्वीस. मग चुकलं कोण?

कुणीच नाही. मोबाइलमधला सिलिकॉनचा सूक्ष्म भाग गुरुत्वाकर्षणाने किंचित सरकतो आणि त्यावरून खालची दिशा कळते. तत्त्व ओळंब्याचंच. पण मोबाइलने मोजला तो कौलाचा कल. प्रत्येक कौलाचं खालचं टोक त्याखालच्या कौलावर चढलेलं असतं, म्हणून कौल वाशापेक्षा थोडं आडवं बसतं. दोन रिपांमध्ये ३२ सेंटिमीटर अंतर असेल आणि टोक २ सेंटिमीटर उचललं गेलं असेल, तर साडेतीन अंश तिथेच गेले. घराचा उतार म्हणजे वाशाचा उतार, आणि तो मोजावा आतून. पाणसळीचं एक टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवायचं, बुडबुडा मधोमध आणायचा, टेकलेल्या टोकापासून आढ्याच्या दिशेने बारा इंच मोजायचे आणि तिथून वर वाशापर्यंतचं उभं अंतर घ्यायचं. जुने वासे मध्ये झुकलेले असतात, तेव्हा हे मोजमाप तीन-चार ठिकाणी करावं.

‘फुटाला सहा इंच’ हा ढोबळ अंदाज आहे आणि खरं विज्ञान अंशांत आहे, हा समज मला मुळीच मान्य नाही. ब्रिटिश म्युझियममधला ऱ्हाइंड पपायरस पाहा. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास अहमोस नावाच्या लेखनिकाने तो एका जुन्या प्रतीवरून उतरवला. त्यातलं ५६वं गणित असं : पिरॅमिडचा पाया ३६० हात, उंची २५० हात, तर उतार किती? अहमोस पायाची निमपट घेतो, १८०. तिला २५० ने भागतो आणि सातने गुणतो, कारण इजिप्तच्या राजहातात सात पंजे असत. उत्तर येतं पाच पंजे आणि एका पंजाचा पंचविसावा भाग. एक हात वर चढताना आत किती सरकायचं, ते हे माप सांगतं. सुतार आडव्या फुटामागे चढ मोजतो, अहमोस उभ्या हातामागे सरक मोजतो. गुणोत्तर तेच, फक्त उलटं. यात अंश कुठेही नाहीत, आणि गवंड्याला दगड तासायला ते लागतही नव्हते!

गुणोत्तर हाती आलं की बाकीचं पायथागोरस करतो. आढ्यापासून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर १२ फूट असेल, तर चढ ६ फूट आणि वासा १३ फूट ५ इंच. वळचणीसाठी बाहेर काढायची लांबी वेगळी. जमिनीवरच्या क्षेत्रफळापेक्षा पाख्यांचं क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के जास्त भरतं, त्यामुळे कौलंही तेवढीच जास्त आणावी लागतात. कोकणात जिथे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि वारा पाणी कौलांच्या सांध्यांत उलटं घुसवतो, तिथे हा चढ कमी करून चालत नाही. सोलापूरकडची माळवदं सपाट राहू शकली, ती तिथल्या तुटपुंज्या पावसामुळे.

आता पॅनेल. ‘अचूक कोन साधला नाही तर वीज बुडाली’ या प्रचारावर विसंबू नका. सर्वसाधारणपणे पॅनेलचा कल गावाच्या अक्षांशाएवढा ठेवतात. रत्नागिरीसाठी तो १७ अंश. साडेसव्वीस अंशांच्या दक्षिण पाख्यावर साडेनऊ अंशांचा फरक पडतो. पण थेट ऊन या फरकाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात घटतं, आणि कोज्या सुरुवातीला फार सावकाश उतरते. विषुवदिनी भर दुपारी तोटा दीड टक्क्याच्याही आत राहतो. खरा फटका बसतो दिशेमुळे. तेच पॅनेल उत्तर पाख्यावर लावलं, तर २१ डिसेंबरच्या दुपारी समोरून पडणाऱ्या थेट उन्हाच्या जेमतेम दोन पंचमांश ऊन त्याला मिळेल. म्हणून पॅनेलवाल्याला आधी पाख्याची दिशा विचारा, अंश मागाहून.

मोबाइल आणि सुतार यांच्यातले साडेतीन अंश सूर्याच्या हिशेबात एक टक्काही भरत नाहीत. पण २३ अंश खरे धरून नवे वासे कापले, तर त्याच १२ फुटांत आढं ११ इंच खाली येईल. किती अचूक मोजायचं, हे त्या मापातून काय घडवायचं आहे त्यावर ठरतं. छपरासाठी पाणसळ आणि फूटपट्टी घ्या, आणि आलेलं माप सुताराच्या भाषेतच लिहून ठेवा.