बीन नेमकी कुणाची?

आमच्या तेरचं जुनं नाव तगर. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई, असं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे. आता विणकरानंच माग सोडून भडोचला जहाज शोधत हिंडायचं ठरवलं, तर विणायचं कधी?

जुन्या ईजेबीत (पहिली आवृत्ती १९९८) असंच व्हायचं. बीन म्हणजे सर्व्हरवर काम करणारा जावाचा घटक. त्याला डेटाबेस हवा असेल तर आधी जेएनडीआयवर शोधाशोध, मग मूळ काम. डिपेन्डन्सी इंजेक्शनमध्ये लागेल ते कंटेनरच हातात आणून देतो. हे नाव मार्टिन फाउलरच्या २००४ च्या लेखानं रूढ झालं, स्प्रिंग १.० त्याच वर्षी आलं. २००६ च्या ईजेबी ३.० नंही ही सोय दिली.

खरी गंमत दोन्ही एकत्र आणताना! प्रोजेक्टमध्ये मी ईजेबीच्या आत स्प्रिंगची सर्व्हिस मागवली, वर ऑटोवायर्ड लिहिलं, आणि रात्री दोनपर्यंत नलपॉइंटर. कारण साधंच. ती बीन जन्माला घातली अॅप्लिकेशन सर्व्हरनं. स्प्रिंगला तिचा पत्ताच नाही! शेवटी बीन तयार होताच चालणाऱ्या पोस्टकन्स्ट्रक्ट मेथडमध्ये स्प्रिंगच्या कॉन्टेक्स्टकडून सर्व्हिस मागून घेतली.

आणखी एक खड्डा आहे. स्टेटलेस ईजेबीच्या एका नगाकडे सर्व्हर एका वेळी एकच विनंती देतो. स्प्रिंगची बीन मात्र सहसा एकच, सगळ्यांत सामाईक. तिच्या फील्डमध्ये रोल नंबर ठेवलात, तर एकाची मार्कशीट दुसऱ्याच्या हातात जाईल.