बोटीच्या तळाला भोक का पाडायचं? थ्रू-हल डेप्थ साउंडरची गोष्ट

मी राहते तळोज्यात. इथली कासाडी नदी एमआयडीसीच्या कडेकडेने पुढे पनवेल खाडीला मिळते आणि खाडी मुंबई बंदराच्या पाण्यात. माझा पीएचडीचा विषय पाण्यातला आवाज हा आहे, त्यामुळे ओळखीतल्या नाखवांकडून एक प्रश्न हमखास येतो: "पाणी किती आहे ते दाखवणारं यंत्र बसवायचंय. पण त्यासाठी बोटीला खालून भोक पाडायलाच पाहिजे का?"

प्रश्न रास्त आहे. भोक चुकलं तर बोट बुडू शकते, आणि यंत्र चुकलं तर बोट गाळात रुतू शकते. म्हणून आज सगळं पायरीपायरीने बघू.

आधी तत्त्व

पूर्वी शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून पाणी वावात मोजायचे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण १.८ मीटर. साउंडर दोरीऐवजी आवाज सोडतो. ट्रान्सड्यूसरमध्ये सिरॅमिकची एक चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते, आवाज तळाला आपटून परत येतो आणि तीच चकती तो ऐकते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. ४ मिलिसेकंदांनी प्रतिध्वनी आला तर आवाजाने ६ मीटर प्रवास केला, म्हणजे पाणी ३ मीटर. बस, एवढंच.

जर्मनीच्या अलेक्झांडर बेमने १९१३ मध्ये याचं पेटंट घेतलं. १९४८ मध्ये जपानच्या फुरुनोने याच तत्त्वावर मासे शोधणारं यंत्र बाजारात आणलं. आपल्या बंदरांवर ज्याला 'फिश फाइंडर' म्हणतात ते हेच.

मग भोक कशाला?

कारण हवा. पाण्यातला आवाज हवेच्या पातळ थरावरूनसुद्धा जवळजवळ पूर्ण परत फिरतो. ट्रान्सड्यूसर बोटीच्या आत चिकटवता येतो, पण फक्त भरीव फायबरच्या बोटीत. लाकडात आणि फोम भरलेल्या सँडविच फायबरमध्ये हवा अडकलेली असते, तिथे आवाज आतच मरतो. मागच्या फळीवर बाहेरून लावायचा प्रकार छोट्या आउटबोर्ड होडीला ठीक आहे. इनबोर्ड डिझेलच्या मच्छीमार बोटीत मात्र मागे पंख्याचा फेस असतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. म्हणून अशा बोटीला थ्रू-हल, म्हणजे तळातून आरपार बसणारा ट्रान्सड्यूसर लागतो.

निवडताना तीन प्रश्न

*बोट कशाची आहे?* लाकडी बोटीला ब्राँझचं घर घ्या. लाकूड पाण्यात फुगतं आणि प्लास्टिकला तडा जाऊ शकतो. फायबरला प्लास्टिक किंवा ब्राँझ, दोन्ही चालतं. लोखंडी बोटीला ब्राँझ नको. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांची बॅटरी बनते आणि लोखंड झिजत जातं. तिथे स्टेनलेस स्टील किंवा प्लास्टिक.

*कुठली फ्रिक्वेन्सी?* चकतीच्या मापाचा हिशेब इथे कामाला येतो. साधारण ५ सेंमीच्या चकतीतून २०० किलोहर्ट्झचा आवाज १२ अंशांच्या निमुळत्या शंकूत जातो, ५० किलोहर्ट्झचा ४५ अंशांच्या. १० मीटर पाण्यात पहिल्याचा ठसा तळावर २ मीटर रुंद, दुसऱ्याचा ८ मीटर. उथळ खाडीत बारकावे हवेत, म्हणून २०० घ्या. खोल समुद्रात जाणार असाल तर ५० सुद्धा असू दे, कमी फ्रिक्वेन्सी जास्त दूर पोचते.

आपल्या खाड्यांची एक गंमत आहे. इथे तळाला आधी पातळ चिखल असतो, खाली घट्ट तळ. २०० किलोहर्ट्झचा आवाज चिखलाच्या वरच्या थरावरूनच परतू शकतो, ५० वाला आत शिरून खालचा थर दाखवतो. स्क्रीनवर एकाखाली एक दोन रेषा दिसल्या तर यंत्र बिघडलेलं नसतं. बोट चालवताना वरची रेषा धरा.

*तळ किती तिरका?* तळ तिरका असेल तर शंकूही तिरका जातो आणि खोली चुकते. त्यासाठी तळाच्या उताराला जुळवून कापलेला ठोकळा लावतात, किंवा आत चकतीच तिरकी बसवलेला ट्रान्सड्यूसर मिळतो.

बसवणं

पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढलेल्या असतात. हे काम त्याच काळातलं.

१. जागा: संथ चालणाऱ्या इनबोर्ड बोटीत मध्यावर, कीलच्या जवळ पण तिच्या सावलीत नाही, पंख्याच्या पुढे. पाणी आत घेणारी किंवा बाहेर सोडणारी तोंडं समोर नकोत. आतून हात पोचला पाहिजे.

२. आधी बारीक ड्रिलने भोक पाडून जागा तपासा, मग होल-सॉ. सँडविच फायबर असेल तर आतल्या बाजूने भोक मोठं करून मधला फोम काढा आणि कडेने इपॉक्सी भरा, नाहीतर फोम पाणी पीत राहील. लाकडाच्या कापलेल्या कडाही इपॉक्सीने बंद करा.

३. पाण्याखाली चालणारं मरीन सीलंटच वापरा. बाथरूमचं सिलिकॉन नको. नट आवळताना सगळं सीलंट बाहेर येईल इतका जोर लावू नका. लाकडी बोटीत लाकूड फुगायला जागा ठेवा.

४. केबल कापू नका. इंजिनच्या वायरींपासून लांब न्या.

५. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर पाण्यात मिसळणारा अँटिफाउलिंग रंगच लावा. सॉल्व्हंटवाला रंग प्लास्टिक खातो.

६. बोट पाण्यात उतरली की लगेच आतून बघा, आणि पहिले २४ तास अधूनमधून बघत राहा. भोकाच्या मापाची लाकडी खुंटी तिथेच दोरीने बांधून ठेवा.

आकडा वाचताना

यंत्र ट्रान्सड्यूसरपासून खाली मोजतं, पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही. हा फरक 'ऑफसेट' म्हणून भरावा लागतो. पहिल्या दिवशी वजन बांधलेली दोरी सोडून ताळा घ्या.

दुसरं, बरीच यंत्रं आवाजाचा वेग १५०० धरतात. २८ अंश तापमानाच्या खाऱ्या समुद्रात तो सुमारे १५४० असतो, म्हणजे खरं पाणी दाखवल्यापेक्षा जवळजवळ पावणेतीन टक्के जास्त. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरलं की हा फरक कमी होतो. चूक सुरक्षित बाजूला आहे, त्यामुळे रात्रीची झोप मोडायचं कारण नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: साउंडर *आत्ताचं* पाणी सांगतो. समजा उधाणाला भरती-ओहोटीत ३.६ मीटरचा फरक आहे. ओहोटीचे सहा तास धरले तर पाणी ढोबळमानाने बाराव्या हिश्शांत उतरतं: १, २, ३, ३, २, १. म्हणजे तासागणिक ०.३, ०.६, ०.९, ०.९, ०.६, ०.३ मीटर. भरतीनंतर एका तासाने ऑफसेट भरलेला साउंडर २.५ मीटर दाखवतोय, तुमच्या बोटीला १.२ मीटर पाणी लागतं. निवांत वाटतं ना? तिथेच नांगर टाका, आणि पुढच्या दोन तासांत १.५ मीटर पाणी जाईल. उरलं १ मीटर. बोट चिखलात, आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच.

म्हणून यंत्राच्या शेजारी भरतीचं वेळापत्रक असू दे. तुमच्या बंदरावर कुठला ट्रान्सड्यूसर चालतो, कुठला पहिल्याच पावसाळ्यात गेला, ते कळवा. चिखलाच्या दोन रेषांचे फोटो असतील तर नक्की पाठवा, पुढचा लेख त्याच्यावरच लिहायचा आहे.